औषधांची पारख आणि ठेंगणें डुक्कर

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दुकानांत जातों, तेथून बाटली अगर गोळ्यांची पट्टी आणतों, आणि सांगितलेल्या वेळीं ती रोग्यास देतों. त्या औषधानें रोग बरा होईल कीं नाहीं, याविषयीं मनांत थोडीबहुत शंका असते. परंतु त्या औषधानेंच रोगी दगावेल, ही शंका सहसा कोणाच्या मनास शिवत नाहीं. हा विश्वास आपणांस कोठून आला? आपल्याअगोदर तें औषध हजारों रोग्यांनीं घेतलेलें असतें, त्यांच्याअगोदर थोड्या निरोगी स्वयंसेवकांनीं घेतलेलें असतें, आणि त्यांच्याही अगोदर तें मुक्या प्राण्यांना देऊन पाहिलेलें असतें. या शेवटच्या गोष्टीचा विचार आपल्यापैकीं फारच थोडे लोक करितात. म्हणून या मुक्या प्राण्यांपैकीं एकाची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा प्राणी म्हणजे डुक्कर; आणि तेंही उकिरड्यावर हिंडणारें नव्हे, तर मुद्दाम निपजविलेलें एक ठेंगणें डुक्कर, ज्यास पाश्चात्त्य देशांत 'मिनिपिग' म्हणतात. आजवर जें काम माकडांकडून करून घेत असत, त्यांतील बराच भाग आतां या डुकराकडे सोंपविण्याची खटपट चालू आहे. ती कितपत योग्य आहे, हाच आमच्या लेखाचा विषय होय.

पूर्वींचे संशोधक पुष्कळदां स्वतःवरच प्रयोग करीत. मुंबईंत प्लेगनें हाहाकार उडविला असतां डॉ. हाफकीन यांनीं आपली लस आधीं सशांना टोंचून पाहिली, आणि १८९७ सालच्या जानेवारीच्या १० तारखेस ती स्वतः टोंचून घेतली. हें धैर्य मोठें खरें. परंतु एका धट्ट्याकट्ट्या माणसास एक औषध एकदां मानवलें, म्हणजे तें बाळास, वृद्धास, गर्भवतीस, आणि महिनोन् महिने घेणाऱ्या रोग्यास मानवेलच असें नाहीं.

या अनुभवाची किंमत जगानें फार मोठी मोजली आहे. १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फॅनिलमाइड नांवाचें एक गुणकारी औषध लहान मुलांना गोळीऐवजीं पातळ रूपांत देतां यावें, म्हणून एका कारखान्यानें तें डायएथिलीन ग्लायकॉल या गोड द्रवांत विरघळविलें आणि त्यास रासबेरीचा स्वाद दिला. रंग, वास व चव यांची परीक्षा झाली. परंतु तो द्रव विषारी आहे कीं काय, हें साध्या उंदरालाही पाजून कोणीं पाहिलें नाहीं. मूत्रपिंडें निकामी होऊन शंभरांहून अधिक माणसें मेलीं, व त्यांत पुष्कळ मुलें होतीं. त्या वेळच्या कायद्यांत असें औषध विकण्यास कसलीच आडकाठी नव्हती! पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९३८ सालीं, अमेरिकेनें नवा कायदा केला आणि औषध विकण्यापूर्वीं तें निर्धोक असल्याचें दाखविण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. हेंच विष ग्लिसरिनांत मिसळून आल्यामुळें १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १४ रोगी दगावले, व न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली, हें आमच्या वाचकांच्या वडील मंडळींपैकीं कित्येकांस आठवत असेल.

दुसरा घाव याहूनही दुःखद होता. १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड नांवाचें झोपेचें औषध बाजारांत आलें. तें अगदीं निरुपद्रवी आहे अशी त्याची ख्याति होती, आणि गर्भवती स्त्रियाही मळमळ थांबावी म्हणून तें घेत. १९६१ च्या अखेरीस तें बंद करण्यांत आलें. तोंपर्यंत निरनिराळ्या देशांत मिळून सुमारें १० हजार बालकें हात किंवा पाय अर्धवट वाढलेल्या, अथवा मुळींच नसलेल्या, अशा स्थितींत जन्मास आलीं होतीं. अमेरिकेंत मात्र फ्रान्सिस केल्सी या बाईंनीं, पुरावा अपुरा आहे म्हणून, या औषधास परवानगी देण्याचें शेवटपर्यंत नाकारलें, आणि त्या देशांतील असंख्य बालकें वांचलीं. गर्भवती प्राण्यांवर हें औषध आरंभीं नीट तपासलेंच गेलें नव्हतें. पुढें तपासलें तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. उंदरांच्या पिलांत तसलें व्यंग सहसा दिसेना. कांहीं जातींच्या सशांच्या व माकडांच्या पिलांत मात्र तें स्पष्ट दिसलें. एका जातीचा प्राणी 'नाहीं' म्हणतो आणि दुसऱ्या जातीचा 'होय' म्हणतो, असा हा प्रकार होता.

म्हणून आज बहुतेक सर्व देशांत असा प्रघात आहे कीं, नवें औषध माणसास देण्यापूर्वीं तें निदान दोन जातींच्या प्राण्यांवर तपासावें. त्यांपैकीं एक उंदरासारखा कुरतडणारा असावा, व दुसरा कुरतडणारा नसावा. पहिली जागा बहुधा उंदरांकडे जाते. दुसऱ्या जागेसाठीं तीन उमेदवार असतात: कुत्रा, माकड आणि डुक्कर. कुत्र्यांत बीगल नांवाची लहान, मायाळू जात वापरतात. परंतु कुत्रा सर्वच बाबतींत माणसासारखा नाहीं. आपण अंगदुखीवर जीं आयब्युप्रोफेनसारखीं औषधें सहज घेतों, त्यांनीं कुत्र्याच्या जठरांत लौकरच व्रण होतात. अशा वेळीं संशोधकांची दृष्टि माकडाकडे वळत आली आहे.

माकड हा आपला जवळचा आप्त, तेव्हां त्याच्या शरीरांत जें घडेल तेंच आपल्या शरीरांत घडेल, हा विचार कोणासही पटण्यासारखा आहे. या विचाराची सर्वांत मोठी झळ आपल्या देशास लागली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावी. आपल्या रक्तगटापुढें 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असें जें लिहितात, तें आर्‌एच् या घटकासंबंधीं असतें. आणि तें नांव १९४० सालीं उत्तर हिंदुस्थानांतील ऱ्हीसस माकडावरून पडलें. सह्याद्रीच्या घांटांत प्रवाशांच्या हातांतील केळें हिसकावून नेणारें माकड हें याचेंच भाईबंद होय. पुढें पोलिओची लस निघाली. ती तयार करण्यास या माकडांच्या मूत्रपिंडांतील पेशी लागत, आणि तपासण्यासही माकडेंच लागत. १९५० नंतरच्या दशकांत आपल्या देशांतून वर्षाला लाखाच्या घरांत माकडें पकडून परदेशीं धाडलीं गेलीं. १९५५ च्या आरंभीं लंडनच्या विमानतळावर गाडींत कोंडलेलीं शेंकडों माकडें गुदमरून मेलीं, तेव्हां आपल्या सरकारनें निर्यात कांहीं काळ थांबविली. पण ती पुन्हां सुरू झाली. अखेर, अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेंत अण्वस्त्रांच्या किरणोत्सर्गाचे प्रयोग या माकडांवर होतात असें बाहेर आल्यावर, मोरारजी देसाई यांच्या सरकारनें १९७८ सालीं ही निर्यात साफ बंद केली. पोलिओच्या लसीनें असंख्य मुलांचे पाय वांचविले, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु आपल्या रानांतील माकडांचे कळप त्या काळांत किती विरळ झाले, हेंही विसरून चालणार नाहीं.

हिंदुस्थानचें दार बंद झालें म्हणून माकडांची मागणी कांहीं थांबली नाहीं. ती आग्नेय आशियांतील लांब शेपटीच्या माकडाकडे वळली. चीनमध्यें त्यांची पैदास करणारे मोठमोठे कारखाने उभे राहिले. २०२० सालीं कोविडच्या सांथींत चीननें ही निर्यात थांबविली, आणि अमेरिका व युरोप येथील प्रयोगशाळांत माकडांची टंचाई पडून किंमती भडकल्या. इकडे २०२२ सालीं निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें हें लांब शेपटीचें माकड नष्ट होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांच्या यादींत घातलें. जो प्राणी कालपर्यंत देवळाच्या आवारांत उपद्रव करणारा म्हणून लोक हांकीत असत, त्याची ही अवस्था!

बरें, माकडाची साक्ष तरी नेहमीं खरी ठरते काय? २००६ सालच्या मार्च महिन्यांत लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयांत एका नव्या औषधाचा पहिला मानवी प्रयोग झाला. माकडांना त्याची सुमारें ५०० पट मात्रा देऊनही त्यांस कांहीं अपाय झाला नव्हता. तरी सहा स्वयंसेवकांना तें टोंचतांच थोड्याच तासांत त्यांचीं निरनिराळीं इंद्रियें निकामी होऊं लागलीं. सुदैवानें सहाही जण वांचले. पुढें शोध केल्यावर असें दिसून आलें कीं, ज्या पेशींवर औषध काम करावयाचें, त्यांतील एका प्रकारच्या पेशींवर माणसांत जो ग्राहक घटक असतो, तो या माकडांत नव्हता. नातें जवळचें असलें तरी नेमक्या त्याच जागीं तें तुटलेलें होतें. तेव्हां प्राणी निवडतांना, तो आपला किती जवळचा आप्त आहे हें न पाहतां, आपण विचारीत असलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास त्याचें शरीर समर्थ आहे कीं नाहीं, हें पाहावयास हवें. आणि असें पाहूं लागलें म्हणजे बिचाऱ्या डुकराची योग्यता एकाएकीं वाढते.

शेतावरील सामान्य डुक्कर सहा महिन्यांत १०० किलोच्या आसपास भरतें, आणि पूर्ण वाढल्यावर त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतें. इतकें अजस्र जनावर प्रयोगशाळेंत सांभाळणें कठीण. शिवाय येथें एक साधें त्रैराशिक आड येतें. औषधाची मात्रा प्राण्याच्या वजनावर ठरते. दर किलोस १० मिलिग्रॅम द्यावयाचे असल्यास ३ किलोच्या माकडास ३० मिलिग्रॅम लागतील, १० किलोच्या डुकरास १००, आणि १०० किलोच्या डुकरास १०००. नवें औषध आरंभीं अगदीं थोडें आणि अतिशय महाग असतें. मग तें महिनेच्या महिने रोज इतकें कोठून आणावें? यावर तोड म्हणून ठेंगण्या डुकरांची पैदास सुरू झाली. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत हॉर्मेल संस्थेनें १९४९ सालीं अलाबामा व लुइझियाना येथील रानटी डुकरें, कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावरील डुकरें, आणि प्रशांत महासागरांतील ग्वाम बेटावरील डुकरें यांचा संकर करून एक लहान जात तयार केली. पुढें १९६० नंतर जर्मनींतील ग्यॉटिंगेन विद्यापीठांत या मिनेसोटाच्या डुकरांचा लोंबत्या पोटाच्या व्हिएतनामी डुकरांशीं संकर करण्यांत आला, आणि कातडी पांढरी व्हावी म्हणून त्यांत जर्मन शेतावरील डुकराचें रक्तही मिसळलें. हीच ती प्रसिद्ध ग्यॉटिंगेन मिनिपिग. हिचें पिल्लूं जन्मतः अर्ध्या किलोहूनही थोडें कमी भरतें. पूर्ण वाढ झालेलें जनावर ३५ ते ४५ किलो असतें, आणि प्रयोगास घेतात त्या वयांत तें बरेंच हलकें असतें. चार-पांच महिन्यांत तें वयांत येतें, आणि मादीस एका वेळीं पांच-सहा पिलें होतात. माकडास वयांत येण्यास कित्येक वर्षें लागतात, व त्यास एका वेळीं एकच पिल्लूं होतें. हा फरक लहान नव्हे.

आतां शरीराकडे वळूं. सर्वांत आधीं कातडी, कारण येथें डुकराची बरोबरी करणारा प्राणी सांपडणें कठीण. उंदीर, ससा, कुत्रा यांच्या अंगावर दाट लोकर अगर केंस असतात आणि कातडी सैल असते. हातानें उचलली तर वर येते. आपली कातडी तशी येत नाहीं. ती खालच्या थराला घट्ट चिकटलेली असते. डुकराचीही तशीच. केंस विरळ, वरचा थर जाड, त्याखालीं चरबी. मलम चोळलें असतां औषध कातडींतून किती आंत जाईल, याचा हिशेब ससा व उंदीर यांच्यावरून केला तर तो पुष्कळदां फार मोठा निघतो. डुकराचा हिशेब माणसाच्या जवळ येतो. कातडी पांढरी असल्यामुळें कोठें लाली आली, पुरळ उठलें, तर तें डोळ्यांस तत्काळ दिसतें. भाजलेल्या रोग्यांच्या जखमेवर तात्पुरतें आच्छादन म्हणून डॉक्टर डुकराची कातडी वापरीत आले आहेत, तें याच साम्यामुळें. एक भेद मात्र सांगितला पाहिजे. आपल्या अंगास जसा घाम सुटतो तसा डुकरास सुटत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत तें चिखलांत लोळून अंग गार करितें, आणि त्याबद्दल आपण त्यास घाणेरडें म्हणतों! ऐसपैस जागा दिली तर डुक्कर निजण्याची जागा व मलमूत्राची जागा वेगवेगळी ठेवतें, हें त्यास पाळणारा प्रत्येक जण जाणतो.

हृदयाच्या बाबतींतही तसेंच. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या ज्या धमन्या असतात, त्यांची रचना डुकरांत माणसासारखी असते. कुत्र्यांत या धमन्यांना जोडणाऱ्या आडवाटा पुष्कळ असतात. त्यामुळें एक वाट बुजली तरी दुसरीनें रक्त पोंचतें. माणसांत व डुकरांत अशा आडवाटा थोड्या, म्हणून हृदयविकाराचा अभ्यास डुकरांत अधिक खरा होतो. माणसाच्या हृदयांत बसविण्यासाठीं डुकराच्या हृदयांतील झडपा कित्येक वर्षें वापरांत आहेत. मधुमेहाचें औषध जें इन्सुलिन, तें अनेक दशकें डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढीत असत. कारण त्याच्या घडणींतील ५१ दुव्यांपैकीं केवळ एक दुवा माणसाच्या इन्सुलिनाहून निराळा असतो. डुक्कर आपल्याप्रमाणेंच धान्य, कंदमुळें, मांस सर्व कांहीं खातें, आणि त्याचा अन्नमार्गही त्यास साजेसा असतो. यकृतांत औषधांची मोडतोड करणारीं जीं विकरें असतात, त्यांतील अल्डिहाइड ऑक्सिडेज हें विकर माणसांत व डुकरांत काम करितें. कुत्र्यांत तें जवळजवळ काम करीतच नाहीं. ज्या औषधाची विल्हेवाट आपल्या शरीरांत याच विकराकडून लागावयाची, तें कुत्र्यावर तपासून काय कळणार?

प्रयोग कसा चालतो, हेंही थोडक्यांत सांगतों. डुकरांचे तीन-चार गट करितात. एका गटास औषध नसलेलें नुसतें मिश्रण देतात, व बाकीच्यांना कमी, मध्यम आणि मोठी अशा मात्रा रोज देतात; हें कधीं चार आठवडे, कधीं तेरा, आणि जीं औषधें माणसास वर्षानुवर्षें घ्यावयाचीं, त्यांसाठीं नऊ महिनेपर्यंत चालतें. वजन, भूक, डोळे, हृदयाचा आलेख, रक्त व मूत्र यांची वरचेवर तपासणी होते. शेवटीं प्राण्यास वेदनारहित मरण देऊन त्याचें प्रत्येक इंद्रिय सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. हें शेवटचें वाक्य लिहितांना लेखणी अडखळते. पण तें गाळून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. आरंभींच्या आठवड्यांत डुकरांना माणसांची संवय करितात. त्यांना चार पाय बाहेर काढण्यास भोंकें असलेल्या कापडी झोळींत शांत राहण्यास शिकवितात, व फळाचा तुकडा देऊन शाबासकी देतात. जोडीनें किंवा गटानें ठेवतात, आणि खालीं पेंढा टाकतात, कारण नाकानें उकरल्याशिवाय डुकरास चैन पडत नाहीं. पिढ्यान् पिढ्या माणसाळलेला हा प्राणी अशा वागणुकीस लौकर रुळतो. माकडाचें तसें नाहीं. तें मनुष्याच्या स्पर्शास भितें, विमानांतून खंडेंच्या खंडें ओलांडून येतें, आणि त्याच्या अंगांत 'बी' नांवाचा एक विषाणु असूं शकतो, ज्याची बाधा चाव्यावाटे माणसास झाली तर ती प्राणघातक ठरण्याचा संभव असतो.

इतकें गुणवर्णन झालें. आतां दुसरी बाजू. डुकराच्या शिरा चरबीखालीं दडलेल्या असतात, म्हणून रक्त काढणें हें कसबाचें काम आहे. मात्रा अधिक लागते, हें वरच्या त्रैराशिकांत आलेंच आहे. परंतु खरी अडचण याहून निराळी आहे. हल्लींचीं पुष्कळ नवीं औषधें हीं रसायनें नसून प्रतिपिंडें असतात. माणसाच्या एखाद्या विशिष्ट घटकाला कुलपांत किल्लीप्रमाणें बसावीं म्हणून तीं घडविलेलीं असतात. डुकरांत तें कुलूपच निराळें असलें, तर किल्ली फिरत नाहीं, आणि प्रयोगानें कांहींच सिद्ध होत नाहीं. माकडांत तें कुलूप पुष्कळदां जुळतें. पुन्हां, गर्भिणी स्त्रीच्या रक्तांतील प्रतिपिंडें वारेमधून बाळास मिळतात. डुकराची वार तीं आंत जाऊंच देत नाहीं, त्यामुळें पिल्लूं प्रतिपिंडांवांचून जन्मतें व पहिल्या चिकाच्या दुधांतून तीं मिळवितें. तेव्हां असल्या औषधानें गर्भास काय होईल, हें डुकरास विचारून उपयोग नाहीं. जेथें डुक्कर अडतें तेथें बहुधा माकडच पुढें येतें, ही गोष्ट डुकराचा पुरस्कार करणारांनींही लपवूं नये. युरोपांत २००७ ते २००९ या काळांत अनेक देशांच्या संशोधकांनीं 'रीथिंक' नांवाच्या योजनेंत डुकराच्या योग्यायोग्यतेचा साकल्यानें विचार केला. त्यांचाही कल असाच होता कीं, डुकराकडे संवयीनें दुर्लक्ष न करतां प्रत्येक औषधाच्या वेळीं त्याचा विचार व्हावा.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न. कित्येक म्हणतात, डुकरें तर लोक खातातच. मग प्रयोगास वापरण्यांत काय बिघडलें? माकडाला मारतांना जीव कळवळतो, डुकराला मारतांना तितका कळवळत नाहीं, एवढाच याचा अर्थ. आमच्या शाळेंत कोणाच्या घरीं मारुतीची पूजा होते, तर कोणाच्या घरीं डुकराचें नांवही घेत नाहींत. या भावनांचा आम्ही आदर करितों. परंतु दुःख कोणास किती होतें, हें आपल्या आवडीनिवडीवरून ठरत नाहीं. २००९ सालीं केंब्रिज येथील संशोधकांनीं डुकरांना पांच तास आरशाजवळ राहूं दिलें, आणि मग खाद्याचें भांडें अशा जागीं ठेविलें कीं, तें फक्त आरशांत दिसावें. आठांपैकीं सात डुकरें आरशावर धांवून न जातां मागें वळलीं आणि भांड्यापाशीं गेलीं. ज्या प्राण्यास इतकें उमगतें, त्यास भय व वेदना उमगत नसतील असें कोण म्हणेल? डुकरास पुढें करण्याचीं जीं कारणें आम्हांस पटतात, तीं वेगळीं आहेत: त्यास रानांतून पकडावें लागत नाहीं, त्याच्या जातीस धोका नाहीं, त्यास लांबचा प्रवास घडवावा लागत नाहीं, त्याच्या स्वभावास मानवेल असा निवारा देणें शक्य आहे, आणि कित्येक प्रश्नांना तें माकडाइतकेंच किंवा अधिक खरें उत्तर देतें. तरी माकडाच्या जागीं डुक्कर आणलें म्हणजे ऋण फिटलें, असें कोणीं समजूं नये. ऋण तितकेंच राहिलें, धनको मात्र बदलला.

रसेल आणि बर्च या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं एका ग्रंथांत असें मांडलें कीं, शक्य तेथें प्राण्याऐवजीं दुसरी सोय करावी, शक्य नसेल तेथें संख्या कमी करावी, आणि जे प्राणी वापरावे लागतील त्यांच्या वेदना कमी कराव्या. युरोपच्या २०१० सालच्या कायद्यानें हीं तत्त्वें स्वीकारून माकडांच्या वापरावर विशेष निर्बंध घातले. आपल्याकडेही १९६० च्या कायद्यान्वयें नेमलेल्या समितीची देखरेख अशा प्रयोगांवर असते. आणि २०२३ सालीं आपल्या सरकारनें औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून, प्राण्यांवांचून केलेल्या परीक्षाही पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची सोय केली. माणसाच्या यकृताच्या किंवा फुफ्फुसाच्या पेशी एका लहानशा कांचपट्टींत वाढवून, त्यांतून रक्तासारखा द्रव खेळवून, औषधाचा परिणाम पाहण्याची विद्या आतां निघाली आहे. अशा पट्टींत एकाच इंद्रियाची झलक मिळते. यकृतांत तयार झालेलें विष पुढें मूत्रपिंडांत काय करील, किंवा नऊ महिन्यांनीं काय होईल, हें तिला अजून नीट सांगतां येत नाहीं. तरी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. २०२५ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें प्राण्यांवरील परीक्षांची सक्ति हळूहळू कमी करण्याचा बेत जाहीर केला, आणि त्याचा आरंभ प्रतिपिंडांच्या औषधांपासून करण्याचें ठरविलें. म्हणजे ज्या कामीं डुक्कर अपुरें पडतें व माकडच हवें असें म्हणत, नेमक्या त्याच कामापासून.